प्रॅक्टिसच्या आधी

माझ्या हातून आजवर जे काही बरं झालं, त्यात सगळ्यात मोठा वाटा सुमनअक्काचा आहे. अक्का माझी थोरली बहीण. धरणगावला जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. आणि अक्काचा स्वभाव संशयी आहे. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. एखाद्या गावाबद्दल बोलताना तिथलं पाणी खारट आहे हे जसं आधी सांगून टाकतात, तसं अक्काबद्दल हे आधी सांगावं लागतं.

दूधवाल्यानं माप ओतलं की ती दुधात बोट बुडवून उन्हात धरायची आणि थेंब किती वेळ लोंबतो ते बघायची. एसटीवर 'एरंडोल' असा ठळक बोर्ड असला तरी कंडक्टरला विचारायची, आणि कंडक्टर हो म्हणाला तरी बसल्यावर शेजारच्या बाईला विचारायची. सावद्याची केळी घरी आली की सालीच्या रंगाला न भुलता देठ हुंगायची. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघायची, चार पावलं चालायची, परत यायची.

भादवा संपत आला की आमच्या गल्लीत गुलाबाईची गाणी सुरू व्हायची. पोरी भिंतीला टेकून टिपऱ्या वाजवत गायच्या. गाणी संपली की ज्या घरी गाणी, त्या घरची पोर झाकलेला डबा घेऊन बाहेर यायची, आणि आत काय खाऊ आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. पोरी डबा हलवायच्या, कान लावायच्या. "तिखट का गोड?" असा गलका व्हायचा. अक्का डब्याला हातही लावायची नाही. ती डबा धरणाऱ्या पोरीकडे बघत एकेक नाव घ्यायची. शेव. मुरमुरे. दाण्याचे लाडू. कुठल्या तरी नावाला त्या पोरीची पापणी हलायची आणि अक्का म्हणायची, "लाडू शेतस. काढ."

"तुले कसं कयस वं सुमन?" पोरी चिडायच्या.

"डबाकडे काय दखतस? तिनं तोंड दखा," अक्का सांगायची आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवायची. त्या लाडवांचा गुळाचा वास, शेणानं सारवलेल्या ओट्याचा ओलसर वास आणि अक्काच्या केसांतला खोबरेलाचा वास, हे तिन्ही माझ्या आठवणीत एकाच डब्यात बंद आहेत.

गेल्या महिन्यात एका सर्टिफिकेटच्या कामासाठी धुळ्याला गेलो होतो. मी आता सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. जिथून डॉक्टर झालो त्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो तर साहेब जेवायला गेलेले, आणि संध्याकाळचे पाच वाजत आले तरी ते जेवतच होते. मग मी उगाच हिंडत हॉस्टेलच्या मागे गेलो. तिथं एक हॉल आहे. हॉल म्हणायचा एवढंच. पूर्वी त्यात हॉस्टेलच्या जुन्या गाद्या टाकलेल्या असायच्या. दारासमोरचा कडुनिंब तसाच होता. दाराच्या फटीतून दमट गादीचा आणि चुन्याचा वास येत होता, आणि त्या वासात मिसळलेला फॉर्मॅलिनचा बारीक डंख. डिसेक्शन करून आलेल्या पोरांच्या कपड्यांना तो असतोच.

दार आतून लावलेलं होतं. आत कुणीतरी श्वास न घेता भराभरा बोलत होतं. स्नायूंची नावं होती. मग एक मुंबईच्या वळणाचा आवाज मध्येच म्हणाला, "मांगे जाय."

मी पायरीवर थबकलो. मागे जा, असं सांगण्याची ही आमच्या घरची पद्धत.

दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगचा आवाज आमच्या सगळ्या गावावर पांघरलेला असायचा. दिवसभर एक जाड घरघर. ती थांबली की कानात एकदम पोकळी वाटायची, आणि त्या पोकळीतून अक्का घरी यायची. केसांवर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर रुई. दिवसभर ती कापसातून कवडी वेगळी काढायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. ढिगाच्या वर सगळं पांढरंशुभ्र असतं, कवडी खाली दडलेली असते, म्हणून आधी कोपरापर्यंत हात आत घालायचा, असं ती सांगायची. घरी आल्यावर डोळे धुवायची, चुलीवर तवा टाकायची आणि म्हणायची, "बापू, पुस्तक आण."

मग ती उंबऱ्यात पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि मी समोर उभा राहून पाठ म्हणायचा. तिचं शिक्षण सातवीत सुटलं होतं. मी शाळेत होतो तोवर ती ओळीवर बोट ठेवून तपासायची. पुढे मी सायन्सला गेलो आणि पुस्तकं इंग्रजी झाली. मला वाटलं, आता ही वही मिटली. पहिल्याच दिवशी ती नेहमीसारखी उंबऱ्यात येऊन बसली. चित्रावरून पुस्तक सरळ आहे ना याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, "म्हण."

"अक्का, इंग्रजी शे ते."

"मंग? माले तुनं तोंड वाचता येस."

आणि तिला येत होतं. जिथं मला नीट येत नसेल तिथं मी वेग वाढवायचो. खणखणीत आवाजात पुढची ओळ ठोकून द्यायचो. तिचं बोट वर यायचं. "मांगे जाय. आठे अटकना तू." मी रडकुंडीला यायचो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "जाऊ दे ना वं, थकना व्हई पोऱ्या." पण अक्का जाऊ द्यायची नाही. माझ्या सगळ्या पुस्तकांच्या घडीत रुईचे तंतू सापडायचे. वर्गातल्या पोरांच्या पुस्तकात मोराची पिसं असायची.

मेडिकलला नंबर लागल्याचा निकाल सायबर कॅफेत बघितला तेव्हाही तिनं माझं अभिनंदन केलं नाही. मला हाताला धरून गावातल्या दुसऱ्या सायबर कॅफेत नेलं. तिथंही तेच दिसलं, तेव्हा कुठं ती खुर्चीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

धुळ्याला आलो आणि अक्काचा तो स्वभाव माझ्या अंगात शिरला. पांझरेच्या कोरड्या पात्रावरून वारा यायचा, लळिंगचा डोंगर दिवसभर तांबूस धुरळ्यात उभा असायचा आणि मला सगळ्याचा संशय यायचा. पुण्याहून आलेला माझा रूमपार्टनर निखिल दिवसभर टवाळक्या करायचा आणि चाचणीत माझ्याहून जास्त मार्क घ्यायचा. हा वाचतो कधी? मेसच्या आमटीत डाळ असते का? जेवताना मी हात हुंगायचो. साबणानं कितीही घासले तरी फॉर्मॅलिन नखांत उरतंय असं वाटायचं. आणि सगळ्यात मोठा संशय माझा माझ्यावरच होता. दोन्ही सायबर कॅफेंनी एकच चूक केली असेल तर?

एकदा मेसच्या बाहेर अक्काशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर मागे थर्ड इयरची एक मॅम उभी. आमच्याकडे सीनियरना सर आणि मॅमच म्हणायचं.

"काय बोलत होतास तू आत्ता?"

"काही नाही मॅम."

"ती भाषा परत बोल. आत्ता. इथंच."

रॅगिंग, माझ्या मनात आलं. खाली मान घालून मी दोन वाक्यं बोललो. जेवली का, भैंस व्यायनी का, असलं काहीतरी. ती टाळी वाजवून म्हणाली, "मिळाला! मेलेल्याचा साडू मिळाला!"

तिचं नाव ईशा. गॅदरिंगसाठी ती एकांकिका बसवत होती. गावात एक माणूस मरतो, अंगणात त्याचं प्रेत पडलेलं, आणि सगळे नातेवाईक भांडत बसतात, असं काहीतरी होतं. सगळ्यांत आधी येऊन गळा काढणारा साडू तिला अस्सल अहिराणी बोलणारा हवा होता. प्रेताचं काम निखिलकडे होतं, कारण दुसरं कोणतंच काम तो गंभीरपणे करत नव्हता. खरं तर तेही करत नव्हता.

मग रोज पाच वाजता कॉलेज सुटलं की आम्ही या हॉलमध्ये यायचो. गाद्या भिंतीला लावायच्या, मध्ये चटई टाकायची. कडुनिंबावर साळुंक्यांचा गोंधळ चाललेला असायचा, खिडकीतून तिरपं ऊन येऊन चटईवर पडायचं, कुणीतरी स्टीलच्या डब्यातून चहा आणायचं. पुस्तकंही बरोबर असायची, कारण आपला प्रवेश येईपर्यंत कोपऱ्यात बसून वाचायचं असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. वाचून फारसं व्हायचं नाही. पण त्या दोन तासांत मला माझा संशय यायचा नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी निखिलच्या पायाशी बसायचो आणि आमच्या गल्लीत बाया जशा रडतात तसा रडायचो. जी बोली कॉलेजात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी जपायचो, ती त्या हॉलमध्ये मोठ्यानं बोलायला मिळायची. दिवसातले तेवढेच दोन तास मी त्या कॉलेजचा होतो.

घरी यातलं काही लपवलं नव्हतं. पण शब्दांची पंचाईत होती. आमच्या गावात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. आणि नाटक हा शब्द अक्काच्या तोंडी एकाच अर्थानं यायचा: "नाटकं करू नको." म्हणून कॉलेजात सगळे म्हणायचे तेच मीही घरी सांगायचो. प्रॅक्टिस.

तो फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

"आते कोठे चालना?" अक्कानं विचारलं.

"प्रॅक्टिसले."

"आज बी? रोज ऱ्हास का?"

"रोज. कॉलेज सुटनं की लगेच."

"किती लोक येतस?"

"पंधरा-सोळा. कधी कमी."

"संगे मोठा डॉक्टर ऱ्हास ना?"

"नही वं. आम्हीच. सर उनात तर आम्ही बंद करी टाकतस. त्यासले आवडत नही."

अक्कानं आवाज खाली आणला. मग सावकाश म्हणाली, "आणि चुकनं तर?"

"चुकनं तर परत करानं. चुकत चुकतच येस ते." मला हसू येत होतं. "काल काय व्हयनं माहीत शे? मरेल माणूस उठीसन बठना. हासाले लागना."

"मरेल माणूस?"

"हां. मंग त्याले परत आडवं करं."

पलीकडे जिनिंगची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.

त्या दिवसापासून अक्काचे प्रश्न बदलले. जेवलास का, झोपलास का, हे सगळं मागे पडलं. "तुना संगे पोरी बी ऱ्हातस का?" "दार लाईसन करतस का?" "कोणी नाव लिखी लेस का तुमनं?" मला वाटलं, गावात कुणीतरी माझ्याबद्दल काहीबाही सांगितलंय. मला निखिलचा संशय आला, त्यानं माझ्या फोनवरून चेष्टा केली असेल. मग ज्या शेजारच्या काकांचा पुतण्या धुळ्याला होता त्यांचा संशय आला. मी तुटक उत्तरं द्यायला लागलो. मी जितका तुटक, तितकी ती खोल शिरायची. ढिगात हात घालावा तशी.

इकडे अक्काला काय वाटत होतं ते नंतर कळलं. जिनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत बायांचं बोलणं चालायचं. कुठल्याशा गावात बोगस डॉक्टर पकडला, डिग्री नसताना सुया टोचायचा, वगैरे. अक्कानं कुणाला तरी विचारलं, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिस करता येते का? समोरच्यानं हसून सांगितलं, पहिल्या वर्षाचा पोऱ्या प्रॅक्टिस करत असंल तर त्याले पोलीसच घी जातीन.

कापसाच्या ऐन हंगामात, जेव्हा जिनिंगमधून कुणाला सुट्टी मिळत नाही, अक्का धुळ्याला आली. मला न सांगता. एरंडोल, पारोळा करत, प्रत्येक ठिकाणी बोर्ड वाचत, कंडक्टरला विचारत. हॉस्पिटलच्या गेटवर तिनं वॉचमनला माझं नाव सांगितलं आणि विचारलं, "हाऊ प्रॅक्टिस कोठे करस?"

वॉचमन म्हणाला, "प्रॅक्टिस ना? ती मागच्या हॉलमध्ये चालते ताई. दार लावून करतात."

अक्का नंतर म्हणायची, त्या वॉचमनच्या तोंडाकडे तिनं नीट बघितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता.

ती हॉलच्या दाराशी आली तेव्हा आत ईशा मॅम ओरडत होती, "अरे मेलास ना तू? मग श्वास कशाला घेतोस? याच्या तोंडावर चादर टाका!"

दार धाडकन उघडलं. चटईवर पांढऱ्या चादरीखाली निखिल, त्याच्या पायाशी टॉवेल गुंडाळून गळा काढणारा मी, भोवती दहा-बारा पोरंपोरी. अक्का माझ्याकडे आली नाही. ती सरळ निखिलजवळ बसली, चादर बाजूला केली आणि त्याच्या नाकाखाली हात धरला. तिच्या बोटांवरचा कापूस नाकात गेला असावा. प्रेत जोरात शिंकलं.

"बापू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाई काय शे?"

"प्रॅक्टिस."

"कसानी?"

"नाटकनी, अक्का."

ती चटईच्या कडेला तशीच बसून राहिली. हातातल्या पिशवीतून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा आणि भरताचा वास येत होता. मग तिनं तुटक तुटक सगळं सांगितलं, बोगस डॉक्टर, पोलीस, मेलेला माणूस. पोरं हसायला लागली. ईशा मॅमला सगळ्यांत जास्त हसू आलं, आणि अक्काच्या तोंडाकडे बघून तीच सगळ्यांत आधी गप्प झाली.

आता सुटलो असं वाटलं. पण संशय अक्काच्या मनातून कधी निघून जात नाही, तो फक्त जागा बदलतो.

"रोज नाटक," ती म्हणाली. "मंग अभ्यास कधय करस?"

"करस ना मी."

"पुस्तक आण."

"अक्का, सगळ्यांसमोर?"

"नाटक बठ्ठासमोर करस ना? मंग पाठ बी म्हण. आठे अटकना तर नाटक बंद. आजपासून."

ती हे बोलली म्हणजे ते होणार, हे मला ठाऊक होतं. मी कोपऱ्यातून अॅनाटॉमीचं पुस्तक आणलं. तिनं चित्र बघून ते सरळ धरलं. काखेतल्या नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, तोंडी परीक्षेला हमखास विचारतात ते. मी सुरू केलं. मुळं, त्यांची खोडं, त्यांच्या फांद्या. हॉलमध्ये साळुंक्यांशिवाय आवाज नव्हता. माझं लक्ष चटईकडे जात होतं, खिडकीतल्या उन्हाकडे जात होतं. हे सगळं या पाठाला टांगलेलं होतं. पोस्टेरियर कॉर्डच्या फांद्यांशी आलो. पाच असतात. मी चार सांगितल्या आणि खणखणीत आवाजात पुढे निघालो.

बोट वर आलं.

"मांगे जाय."

मागे गेलो. परत चारच.

"अटकना," अक्का म्हणाली.

मी डोक्याचा टॉवेल सोडला आणि घडी करायला लागलो. तेवढ्यात चादरीखालून एक बारीक आवाज आला. "थोरॅकोडॉर्सल."

अक्का वळली. "तू मरेल शे ना रे? मंग काब्र बोलस?"

हसण्याचा असा कल्लोळ झाला की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. अक्का हसली नाही. "उठ," ती निखिलला म्हणाली. "आते तू म्हण."

निखिल ऐटीत उभा राहिला. त्याचं तोंड काही सांगायचं नाही, तो पक्का होता. अक्का थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं नजर खाली नेली. पुढच्या पानावर बोट वर गेलं. "याचं तोंड काहीच सांगत नही. पायना आंगठा सांगस. मांगे जाय." त्याचा अंगठा खरोखरच चटईत रुतला होता. निखिल अडकला. मग तिनं ईशा मॅमकडे बघितलं. "तू बी म्हण काही. तुनं जे ऱ्हाई ते." थर्ड इयरची मॅम हातातली वही टाकून लहान पोरीसारखी उभी राहिली आणि तिसऱ्या वाक्याला अडकली.

अक्कानं पुस्तक मिटलं. त्यावर हात ठेवला.

"मी समजले होते, हा नाटकामुळे अडकला," ती म्हणाली. शहरातल्या पोरांसाठी ती शब्द निवडून बोलत होती. "पण हा पुण्याचा बी अडकला. ही मोठी पोर बी अडकली. अडकणं तं बठ्ठासनं शे." मग तिनं चटईकडे बोट दाखवलं. "रोज पहिले हे, मंग नाटक. एकानं पुस्तक धरायचं, एकानं म्हणायचं. पुस्तकात नाही बघायचं, तोंड बघायचं. जो अडकंल, त्या दिवशी तो मरेल माणूस. तो आठे झोपंल."

"आणि मी?" निखिलनं विचारलं.

"तू नाही अडकला तर जित्ता ऱ्हा."

भरीत-भाकरी आम्ही सगळ्यांनी तिथंच चटईवर बसून खाल्ली. पुण्या-मुंबईची पोरं हिरव्या मिरचीनं डोळे पुसत होती आणि परत घेत होती.

स्टँडवर तिला सोडायला गेलो. तिनं पारोळ्याच्या गाडीचा बोर्ड वाचला, कंडक्टरला विचारलं. खिडकीत बसल्यावर मला हाक मारली. मला वाटलं, अजून काही बजावणार.

"ते रडत होता ना तू," ती म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या धुरपामावशीसारखा."

"हां."

"दाराबाहेरून ऐकलं मी. तठे माले संशय उना नही."

गाडी निघाली. असं वाक्य तिनं मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं, नंतरही नाही. नंतर फोन करून एक नियम मात्र घालून दिला: फोनवर शब्द फिरतात, महत्त्वाचं काही असेल तर लिहून पाठव.

त्या हिवाळ्यात हॉलमध्ये एक नवा शब्द जन्मला. जशी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, देतात तशी 'अक्का' द्यायची. "अक्का दिली का रे?" "आज अक्का कोण घेतंय?" मी एकटा सोडला तर कुणीच मूळचं अहिराणी नव्हतं, पण "मांगे जाय" सगळ्यांना आलं. कितीतरी संध्याकाळी मीच प्रेत होतो. चादरीखाली पडल्या पडल्या चुकलेली ओळ मनात म्हणत असायचो. चादरीला हॉस्टेलच्या साबणाचा वास यायचा, आणि वर माझ्यासाठी भांडणारे नातेवाईक. निखिल जिवंत राहायला लागला आणि त्याच्याकडे साडूच्या बायकोचं काम आलं.

तोंडी परीक्षेत अॅनाटॉमीचे सर माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाटकवाले ना तुम्ही? इथं करू नका." नाटकवाल्यांवर त्यांचा जुना राग होता. एका प्रश्नाला मला येईना. वेग वाढवायला तोंड उघडलं आणि समोर उंबरा दिसला. "सर, इथं अडकलो," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जास्तच संशयानं बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तो आला. त्याच्या पुढचाही.

गॅदरिंगच्या दिवशी मी गळा काढला तेव्हा सगळ्यांत आधी हसले ते मागे उभे असलेले मेसवाले आणि वॉर्डातल्या मावश्या. पास झालो, पुढची वर्षं गेली. ईशा मॅम दूर कुठंतरी आहे. निखिल पुण्यात हाडं जोडतो. धरणगावच्या जिनिंगमध्ये नवी मशीन आली, तिचा आवाज वेगळा आहे, पातळ. आमच्या गल्लीत आता गुलाबाईचा डबा घेऊन कुणी बाहेर येत नाही. आरोग्य केंद्रात पाड्यावरच्या बाया येतात, "हाऊ पोऱ्या डॉक्टर शे?" असं एकमेकींना विचारतात. कुठं दुखतं विचारलं तर "काही नही" म्हणतात. मी तोंडाकडे बघतो. मग पायाच्या अंगठ्याकडे.

हे सगळं त्या दिवशी पायरीवर उभ्या उभ्या डोळ्यांपुढून गेलं. मी दार वाजवलं. एका मुलीनं अर्धंच उघडलं आणि मला खालून वर बघितलं. कॉलेजनं हेरगिरीला पाठवलेला माणूस दिसत असावा मी.

"कोण हवंय सर?"

"कुणी नाही. मी इथं शिकायला होतो. काय चाललंय?"

"प्रॅक्टिस आहे, सर. एकांकिकेची. दहा मिनिटांनी सुरू होईल, आधी अक्का चाललीय."

"अक्का म्हणजे?"

"प्रॅक्टिसच्या आधी द्यावीच लागते, सर. फार जुनं आहे ते. अॅनाटॉमीला एक साऊथच्या मॅडम होत्या म्हणे. खूप कडक. त्यांना सगळे अक्का म्हणायचे."

तिच्या खांद्यावरून मी आत बघितलं. चटईवर एक मुलगा डोळे मिटून सरळ पडला होता. छातीपर्यंत पांढरी चादर.

"नाटकात प्रेत आहे का?" मी विचारलं.

"नाही सर. हा अडकला."

मी पायरी उतरलो. ऑफिसही तोवर बंद झालं होतं. मुक्कामी येऊन दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं.

ती. सुमनअक्का हिस,
सा. न. वि. वि.

महत्त्वाचं असेल ते लिहून कळवावं, हा तुझा नियम. म्हणून लिहितो. सावकाश वाच.

धुळ्याला जाऊन आलो. काम झालं नाही, परत जावं लागेल. पण मागच्या हॉलमध्ये जाऊन आलो. तिथं तू आहेस. तू आता आमच्या कॉलेजात अॅनाटॉमीची मॅडम झालीस. साऊथकडची. फार कडक. तुझं पाहून पोरं पुस्तक सोडून तोंड बघतात आणि मुंबईची पोरं "मांगे जाय" म्हणतात. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. त्यांचा विश्वास बसला नसता.

माझं ते जुनं पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. पोस्टेरियर कॉर्डच्या पानावर तुझ्या हाताची रुई आहे. ती मी झटकलेली नाही. पाचही फांद्या आता येतात.

हे वाचून तुला वाटेल, बापू काहीतरी रचून सांगतोय. तुला तसं वाटायलाच हवं. म्हणून पुढच्या वेळी तूच जा. मी सोबत येणार नाही, तू आपली एकटी जा. बोर्ड वाच, कंडक्टरला विचार, शेजारच्या बाईला विचार. पाचच्या सुमाराला वॉचमनला विचार, प्रॅक्टिस कुठं चालते. तो म्हणेल, मागच्या हॉलमध्ये, दार लावून करतात. दार वाजव. चटईवर कुणीतरी चादर ओढून पडलेलं असेल.

त्याच्या नाकाखाली हात धरू नको, अक्का. तो जित्ता शे. फक्त अटकेल शे.

तुझा,
बापू